एका चुलीवर दोघांची शुगर

पत्राचा सारांश: तासगाव तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. वय ३८, घर द्राक्षबागायतदारांचं. सासऱ्यांना (वय ७१, घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात) चौदा वर्षांपासून शुगर आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी त्यांना सकाळ-संध्याकाळ चालू आहे. यजमानांना (वय ४४, वजन ८८ किलो) आठ महिन्यांपूर्वी शुगर निघाली, त्यांना नुसती मेटफॉर्मिन. आण्णांची इन्सुलिनची इंजेक्शनं चालू होती तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेला तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून चिकटवलेला आहे: दर तीन तासांनी थोडं खा, अकराला दोन मारी बिस्किटं, झोपताना कपभर दूध. यजमान दीक्षितांचं ऐकून दोनच वेळा जेवतात. पुण्याची नणंद दिवेकरांचा दाखला देऊन सांगते, दर दोन तासांनी खा, उपाशी राहू नका. सांगलीच्या आहारतज्ज्ञांनी यजमानांना भाकरी कमी करून प्रोटीन वाढवायला सांगितलं, ते ऐकून आण्णांनीही प्रोटीन पावडर आणली. शेजारच्या काकी म्हणतात साखर सोडा, गूळ खा, साध्या गव्हाऐवजी खपली दळून आणा. आत्या (सासूबाई) रोज सकाळी दोघांना कारल्याचा रस देतात.

गेल्या एकादशीला आण्णांनी मुलाचं बघून न्याहरी सोडली, गोळी मात्र घेतली. दुपारी बागेत त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरले, बोलणं भलतंच होऊ लागलं. गुळाचं पाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं. घरच्यांनी तो अशक्तपणा धरला. आण्णांची तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी ही रक्ततपासणी) ६.४ आली म्हणून घरात आनंद आहे, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन १.६ आहे. यजमानांची शुगर ८.२ वरून फक्त ७.८ झाली. ताई लिहितात: "मी दिवसाला तीन तऱ्हांचा स्वयंपाक करते आणि रिपोर्ट बिघडला की बोल मलाच. यात खरं कुणाचं? एकदाच सांगा, मी तसं करीन." आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: "दुसऱ्या बाळंतपणात मलाही शुगर निघाली होती, पण ती नंतर गेली. माझं काही नाही."

प्रिय ताई,

खरं कुणाचं, याकडे येते. पण आधी बागेतली ती दुपार. तिला अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. घाम, थरथर, भलतंच बोलणं आणि गोड पोटात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत निवळणं, ही शुगर एकदम खाली गेल्याची लक्षणं आहेत. त्या वेळी मीटर जवळ नव्हतं म्हणून आकडा कळला नाही, पण तुमचं वर्णन वाचून मला फारशी शंका उरलेली नाही. आण्णा तेव्हा मांडवाखाली एकटे असते तर, हा विचार पत्र मिटल्यावरही माझ्या मनातून गेला नाही.

हे कसं झालं, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या घरातल्या निम्म्या वादांचं मूळ इथेच आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. माणूस जेवला आहे की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. सकाळी गोळी पोटात गेली, न्याहरी गेली नाही, बागेत चालणं-वाकणं झालं, वर कारल्याचा रस. शुगर खाली जायला याहून जास्त काय लागतं? यजमानांची मेटफॉर्मिन वेगळं काम करते. यकृतातून रक्तात उतरणारी साखर ती आवरते, इन्सुलिन जास्त सोडायला भाग पाडत नाही. म्हणून नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची एखादी न्याहरी चुकली तरी सहसा शुगर अशी कोसळत नाही. मुलाला जमलं ते वडिलांना का सोसलं नाही, याचं उत्तर गोळीच्या पाकिटावर छापलेलं आहे.

त्यात आण्णांचं क्रिएटिनिन १.६. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की या गोळीचा अंमल शरीरात जास्त वेळ रेंगाळतो. आणि ज्या ६.४ वर घर खूश आहे, त्याच आकड्याने मला काळजीत टाकलं. तीन महिन्यांची शुगर ही सरासरी असते. ६.४ म्हणजे रोजची सरासरी साधारण १३७. आता एखाद्याची शुगर कधी २२० आणि कधी ६० होत असेल, तर त्याचीही सरासरी १४० च्या घरात येते आणि रिपोर्ट देखणा दिसतो. एकाहत्तर वर्षांचं वय, थकलेलं मूत्रपिंड आणि शुगर पाडू शकणारी गोळी, असं सगळं एकत्र असेल तर अनेक डॉक्टर साडेसात-आठपर्यंतचा आकडा मुद्दाम चालवून घेतात. या वयात शुगर खाली जाण्याचा धोका मोठा. माणूस तोल जाऊन पडतो, हाड मोडतं, हृदयावर ताण येतो.

म्हणून या आठवड्यातच आण्णांना डॉक्टरांकडे न्या. गोळ्यांची पाकिटं, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि त्या पावडरचा डबा बरोबर घ्या. एकादशीची घटना वेळेसकट सांगा. विचारा, ग्लिमेपिराइड कमी करता येईल का किंवा तिच्या जागी शुगर न पाडणारी दुसरी गोळी देता येईल का, मूत्रपिंड पाहता मेटफॉर्मिनचा हा डोस ठीक आहे का, आणि उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं. मी आहारतज्ज्ञ आहे, गोळीचा निर्णय माझा नव्हे आणि घरच्यांचाही नव्हे. पण डॉक्टरांची भेट होईपर्यंत एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा: ही गोळी घेतली की आण्णांनी जेवण चुकवायचं नाही, एकादशी असली तरी.

आण्णांच्या सदऱ्याच्या खिशात साखरेच्या दोन पुड्या कायम असू द्या, प्रत्येकीत तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम. लक्षणं दिसली की एक पुडी पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटं थांबून मीटरवर बघायचं, ७० च्या खाली असेल तर दुसरी. बरं वाटल्यावर काहीतरी पोटभरीचं खायचं, नाहीतर शुगर पुन्हा घसरते. तुम्ही त्या दिवशी गुळाचं पाणी दिलंत ते योग्यच केलंत. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन करा. बागेत कामाला येणाऱ्या माणसांनाही हे सांगून ठेवा.

आता खरं कुणाचं.

ताई, तुम्ही बागायतदाराच्या घरातल्या. माझा प्रश्न असा: तुमच्या बागेत दोन प्लॉट असतील, एक चौदा वर्षांचा जुना आणि एक नवा, एकाची जमीन काळी आणि दुसऱ्याची मुरमाड, तर दोन्हींना खताचं एकच शेड्यूल चालेल का? तुमचे यजमान देठ परीक्षण, म्हणजे पानाचे देठ तपासून वेलीला काय कमी पडतंय ते बघणं, केल्याशिवाय खताचं पोतं फोडत नसतील. शेजाऱ्याच्या प्लॉटला चाललेला डोस ते डोळे मिटून आपल्या प्लॉटला देत नाहीत. तुमच्यापर्यंत आलेले बहुतेक सल्ले कुणाला तरी, कधीतरी लागू होते. ते ज्याला दिले त्याचं नाव-गाव गळून पडलं आणि नुसता सल्ला घरात फिरत राहिला.

भिंतीवरचा तक्ताच बघा. दर तीन तासांनी खा, झोपताना दूध घ्या, हे मिरजेच्या डॉक्टरांनी आण्णांना इन्सुलिन चालू असताना सांगितलं. तेव्हा टोचलेल्या इन्सुलिनला पुरेल असं पोटात काहीतरी ठेवणं भाग होतं, नाहीतर शुगर खाली गेली असती. सल्ला त्या वेळचा, त्या औषधासाठीचा. आता इन्सुलिन नाही, तक्ता तसाच आहे. आणि त्यातली ती मारी बिस्किटं: फिकी लागतात म्हणून निर्धोक वाटतात, पण त्यांत मैदा आणि साखरच असते. आण्णांना अकराला काही लागत असेल तर मूठभर भाजलेले फुटाणे द्या, आणि मूत्रपिंडासाठी त्यांचंही प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्या. तक्ता आज भिंतीवरून काढला तरी मी त्याला दोष देणार नाही. त्याने त्याचं काम केलं.

दीक्षित आणि दिवेकर यांच्यातला वाद महाराष्ट्रातल्या किती घरांत जेवणाच्या ताटावर येऊन बसला आहे, ते मी रोज बघते. डॉ. जगन्नाथ दीक्षित डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायला आणि रोज चालायला सांगतात. ऋजुता दिवेकर यांचा भर आपल्या भागात पिकणाऱ्या, घरी शिजवलेल्या ताज्या अन्नावर आणि थोडं थोडं खाण्यावर. तुमच्या घरात या दोघांपैकी कोण बरोबर, हा प्रश्न रंगतो. मी विचारेन, कुणासाठी? यजमानांचं वजन ८८, शुगर नवी, गोळी शुगर न पाडणारी. त्यांना दोन वेळचं जेवण चालू शकतं. २०१४ साली प्राग शहरात टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर एक अभ्यास झाला. तेवढ्याच उष्मांकांचं जेवण काही आठवडे सहा वेळांत विभागून दिलं आणि काही आठवडे दोनच वेळांत. दोन वेळा जेवताना वजन आणि उपाशीपोटीची शुगर जास्त उतरली. पण त्या दोन वेळा म्हणजे सकाळची न्याहरी आणि दुपारचं जेवण होतं, रात्रीचं नव्हे, आणि जेवणाचं माप ठरलेलं होतं. तुमचे यजमान दुपारी एक आणि रात्री नऊला जेवतात, आणि दिवसभराची भूक घेऊन बसले की तीन भाकऱ्या आणि वर भात जातो, असं तुम्हीच लिहिलंय. आठ महिन्यांत ८.२ ची ७.८ झाली त्याचं कारण मला तिथे दिसतं. वेळा दोन झाल्या, माप तेवढंच राहिलं.

यजमानांना एक चांगली बातमीही सांगा. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, शुगर निघून सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या जाड लोकांचं वजन काटेकोर आहाराने उतरवलं. वर्षाअखेर जवळजवळ निम्म्या लोकांची शुगर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण सर्वांत जास्त होतं, आणि वजन परत चढलं की शुगरही परत येते, हेही दिसलं. चौदा वर्षं जुनी शुगर असलेल्या आण्णांना ही आशा दाखवणं योग्य नाही. वजन उतरवणं हे त्यांचं ध्येयच नाही, या वयात त्यांचे स्नायू टिकले पाहिजेत.

आता भाकरी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहे. आपल्याकडे पोळी सोडून भाकरी धरली की पथ्य झालं, असं मानतात. ज्वारी चांगलीच, तिच्यात तांदळापेक्षा चोथा कितीतरी जास्त. पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ६८ ग्रॅम पिष्ट (ज्याची पोटात साखर होते ते) असतं आणि गव्हाच्या कणकेत साधारण ६४. फरक फारच थोडा. खरा फरक आकाराचा. सांगलीकडची भाकरी म्हणजे परातभर थापलेली, ७५ ग्रॅम पिठाची सहज. पोळी ३० ग्रॅमची. म्हणजे एक भाकरी अडीच पोळ्यांएवढी. "मी दोनच भाकऱ्या खातो" असं म्हणणारा माणूस पाच पोळ्या खात असतो आणि त्याला ते ठाऊक नसतं. एकदाच, एका दिवशी, तुमच्या हाताच्या भाकरीचं पीठ वजनकाट्यावर ठेवून बघा. काटा घरात नसेल तर किराणा दुकानात उंडा नेऊन तोला. हसतील, हसू द्या. उंड्यातलं पाणी वजा धरा, उंड्याचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. त्या दिवसापासून घरात "किती भाकऱ्या" असं न विचारता "केवढी भाकरी" असं विचारलं जाईल.

खपलीचंही असंच. कृष्णाकाठी पिकणारा हा जुना गहू, खीर त्याची उत्तम होते, चव आहे, चोथा आहे. मिळत असेल आणि परवडत असेल तर जरूर आणा. पण तो गहूच आहे. मोजताना साध्या गव्हाएवढाच मोजायचा. खपलीची आहे म्हणून एक पोळी जास्त, हे नको.

गुळाबद्दल काकींना दुखवू नका, पण घरात गुळाचा चहा बंद करा. ऊस आपल्याच शेतातला आणि गुऱ्हाळ डोळ्यांसमोरचं, म्हणून गूळ आपल्याला औषधासारखा वाटतो. १०० ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास साखरच असते. थोडं लोह असतं, पण ते पुरेसं मिळावं म्हणून गूळ खायला गेलं तर शुगरचं काय होईल! द्राक्षांचं मात्र "बंद" म्हणणार नाही. द्राक्षबागेच्या घरात फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाला हात लावायचा नाही, असं मी कुणाला सांगणार? दहा-पंधरा मणी, जेवणानंतर लगेच, रस न काढता. बेदाण्याचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे: चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. शेडवर निवडायला बसल्यावर येता-जाता तोंडात टाकलेला मूठभर बेदाणा म्हणजे तेवढ्याच वजनाच्या द्राक्षांच्या चौपट साखर. यजमानांना हे त्यांच्याच हिशेबात सांगा, पटकन पटेल.

प्रोटीनचा सल्ला यजमानांसाठी बरोबर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचंही म्हणणं असंच, की आपल्या ताटात पिष्टाचा वाटा फार मोठा आहे. नवी शुगर परतवायची तर तो निम्म्याच्या आसपास आणावा आणि प्रोटीन एकूण उष्मांकांच्या पाचव्या हिश्शापर्यंत न्यावं. त्यासाठी पनीरच विकत आणलं पाहिजे असं नाही. मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, पिठलं, अंडी, ताक, हे तुमच्या चुलीवर आधीपासून आहे. पण आण्णांची पावडर आजच बाजूला ठेवा. मूत्रपिंड थकलेल्या माणसाने प्रोटीन मोजून खायचं असतं, सर्वसाधारणपणे दर किलो वजनाला ०.८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वजन ६० किलो असेल तर दिवसाला ४८ ग्रॅम. ते रोजच्या भाकरी, वरण, दह्यातून सहज भरतं. आणखी एक: बीपीसाठी कुणी कमी सोडियमचं मीठ सुचवलं तर ते आण्णांसाठी आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि थकलेल्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणं जड जातं. मीठ साधंच, पण कमी. पापड-लोणचं सणापुरतं.

कारल्याचा रस आत्या प्रेमाने देतात, त्यांना ते बोलून दाखवा. पण शुगर पाडणारी गोळी चालू असताना आण्णांना तो उपाशीपोटी नको. कारलं भाजीत करा, दोघांनाही द्या. पुडीतून मिळणाऱ्या, वर काही न लिहिलेल्या चूर्णांना मात्र ठाम नकार. त्यांत काय मिसळलंय ते कळायला मार्ग नसतो आणि मूत्रपिंड आधीच नाजूक आहे.

तुम्ही तीन तऱ्हांचा स्वयंपाक करता, हे वाचून मी थांबले. त्याची गरज नाही, ताई. एकच स्वयंपाक करा आणि ताटं वेगळी वाढा. भाकरी, पातळ कोरड्यास किंवा उसळ, पालेभाजी, कांदा-काकडी, दही. यजमानांच्या ताटात भाकरी लहान एक, उसळ दोन वाट्या, भाजी भरपूर, भात नाही. आण्णांच्या ताटात भाकरी एक, उसळ अर्धी वाटी, भाजी, थोडा भात, आणि तीन ठरलेल्या वेळा, न चुकता. तुमच्या आणि मुलांच्या ताटात तेच सगळं, हवं तेवढं. दोघांनाही एक सवय लावा: आधी काकडी, भाजी, उसळ खायची, भाकरी त्यानंतर. तेच अन्न, क्रम बदलला की जेवणानंतरची शुगर कमी चढते. आणि रात्री जेवून लगेच आडवं न होता अंगणात, गल्लीत दहा-पंधरा मिनिटं चालायचं, दोघांनी एकत्र. बापलेकांना बोलायलाही तेवढा वेळ मिळेल.

उपासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. यजमानांनी खिचडी टाळून दही, शेंगदाणे, काकडी, राजगिरा यांवर भागवावं. आण्णांनी एकादशीला अभंग म्हणावेत, जेवण सोडू नये. विठ्ठल रागावणार नाही, असं मी मनापासून मानते.

तुमचं देठ परीक्षण म्हणजे मीटर. उपाशीपोटीची शुगर महिन्यातून एकदा बघून ताटात काय चुकलं ते कळत नाही, कारण ती बऱ्याच अंशी रात्रभर यकृताने सोडलेल्या साखरेची असते. म्हणूनच "रात्री काही खाल्लं नाही तरी सकाळी १५० कशी" हा वाद घरोघरी होतो. त्याऐवजी जेवायला बसताना एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा बघा, ताटात काय होतं ते शेजारी लिहा. आठवड्यात दोन जेवणं तपासली तरी पुरे. फरक ५०-६० च्या वर जात असेल तर त्या ताटात यजमानांना काहीतरी जास्त झालं, असं मी धरते. महिन्याभरात कुठली भाकरी सोसते आणि भात किती चालतो, ते त्यांचं त्यांना कळेल, दीक्षितांना किंवा मला विचारावं लागणार नाही. आण्णांच्या बाबतीत मात्र जेवणाआधीचा आकडा जास्त महत्त्वाचा, तो खाली तर जात नाही ना, हे बघायला.

इथे बागायतदारांसाठी एक खास सूचना. द्राक्षं-बेदाणे हाताळलेल्या बोटाला सुई टोचू नका. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की द्राक्षं, संत्री सोलल्यावर हात न धुता तपासलं तर मीटर खोटा, फार मोठा आकडा दाखवतं, आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही तो नीट खाली येत नाही. पाण्याने हात धुवायचे, कोरडे करायचे, मग टोचायचं. हंगामात तुमच्याकडे दिसलेल्या काही भीतिदायक आकड्यांचं कारण हेही असू शकेल.

ही वही यजमानांनी लिहायची, तुम्ही नाही. पत्रात तुम्ही म्हणता, "मी तसं करीन." तुम्ही एका सल्ल्याच्या शोधात आहात, म्हणजे तो पाळून घरातली बोलणी थांबतील. पण चव्वेचाळीस वर्षांचा माणूस बागेच्या फवारणीच्या तारखा पाठ ठेवतो, त्याला स्वतःच्या गोळीचं नाव आणि भाकरीचं माप पाठ ठेवता येतं. शेडवर, लग्नात, सांगलीला गेल्यावर भडंगाच्या पुडीतून काय पोटात गेलं, याचा जबाब तुम्ही कसा देणार? रात्री सगळे बसलेले असताना एकदा शांतपणे म्हणा: मी एक चांगला स्वयंपाक करीन, वाढून घेणं आणि मोजणं ज्याचं त्याचं. सुरुवातीला खडाखडी होईल. आण्णा तुमच्या बाजूने बोलतील, असं मला पत्रावरून वाटतं.

आणि आता ती शेवटची ओळ, जी तुम्ही सहज लिहून सोडून दिलीत.

गरोदरपणात निघालेली शुगर बाळंतपणानंतर खाली येते, हे खरं. पण ज्या बाईला ती एकदा निघाली तिला पुढे आयुष्यात मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या कैक पटींनी जास्त असते. म्हणून दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर, तपासणी करायची असते. तुम्हाला बाळंतपणानंतर हे कुणी सांगितलं होतं का? बहुतेक जणींना सांगितलेलं नसतं. २०२३ साली आलेल्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून जास्त भारतीयांना मधुमेह आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. उंबरठ्यावर असताना काहीच जाणवत नाही. तुमच्या पत्रात दोघांच्या सगळ्या रिपोर्टांचे आकडे आहेत, पण तुमच्या शुगरचा एकही नाही. तुम्ही शेवटी जेवता, आणि वाया जाऊ नये म्हणून पोरांनी टाकलेला भात तुमच्या ताटात येतो, हेही तुम्ही कुठेतरी मध्ये लिहिलंय. तुमचं वय ३८. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी मोफत तपासतात. पण तुमच्यासाठी त्याहून चांगली चाचणी म्हणजे उपाशीपोटी एकदा रक्त देऊन, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन, दोन तासांनी पुन्हा रक्त देणं. आण्णांना डॉक्टरांकडे न्याल, त्याच दिवशी सकाळी ती करून घ्या. उपाशी जावं लागेल, दोन तास तिथे बसावं लागेल. त्या दिवशीची न्याहरी आत्यांना करायला सांगा, आणि आण्णांना ती खाऊनच बाहेर काढा.